जमीन जागेवरच आहे, पण माणूस?



आज फवारणीचं किंवा खताचं काही लिहीत नाही. मागच्या रविवारी आमच्या चुलतभावाच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, कोर्टाच्या निकालाची नक्कल माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यात नेमकं काय लिहिलंय ते एकदा नीट सांगा. वकील सांगतात ते डोक्यावरनं जातंय." मी दहावी पास माणूस. चार दिवस लावून, दोन जाणत्या माणसांना विचारून वाचली. वाचल्यावर जे वाटलं ते इथं लिहितोय. पानावर तालुक्या-तालुक्यातले शेतकरी आहेत, कृषी खात्यातले साहेब लोक आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात ही वेळ आलेली असणार, नसली तर देव करो न येवो.

भाऊ गेला जानेवारी २०१९ ला. ऊसाचा सीझन. रात्री साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलवरनं येत होता आणि वळणावर ऊसानं भरलेली ट्रॉली उभी होती. एक्सल तुटलेला. ना मागं रिफ्लेक्टर, ना दगड लावलेले, ना फांदी तोडून ठेवलेली. वय ४३. मागं म्हातारी आई, बायको, दोन पोरं. दोन एकर द्राक्ष, तीन एकर ऊस.

मी त्या केसमध्ये साक्षीदार होतो. विमा कंपनीच्या वकिलांनी मला तीनच प्रश्न विचारले.

"जमीन विकली का?"

"नाही."

"सातबारा आता कुणाच्या नावावर आहे?"

"वारसांच्या. वहिनी, पोरं आणि चुलती."

"म्हणजे जमीन आहे तशी जागेवरच आहे?"

"होय."

झाली साक्ष. मी पिंजऱ्यातनं खाली उतरलो. खरं तेच बोललो, पण ते 'होय' आजवर माझ्या घशात अडकून बसलंय. कारण निकालात त्याच एका शब्दावर गणित फिरलंय.

हा प्रश्न त्या वकिलांच्या डोक्यातला नव्हे, हे मला नंतर कळलं. सुप्रीम कोर्टाचा २००३ चा एक निकाल आहे, हरियाणा सरकार विरुद्ध जसबीर कौर. त्यात कोर्टानं म्हटलंय की शेतकरी अपघातात गेला तरी त्याची जमीन वारसांकडं राहते, त्यामुळं जमिनीचं सगळं उत्पन्न बुडालं असं धरता येत नाही. मात्र शेती बघायला वारसांना माणूस ठेवावा लागेल, तेवढ्याचा विचार करावा. तेव्हापासून देशभरात शेतकऱ्याच्या केसमध्ये हा निकाल पुढं येतो. नोकरदार गेला तर त्याचा पगार थांबला, सरळ हिशेब. शेतकरी गेला तर म्हणतात, पगार कुठं थांबलाय, रान तर पिकतंयच की.

आता मी कोर्टाला नावं ठेवत नाही. विचार केला तर त्यात तथ्य आहे. दहा एकर जमीन खंडानं दिलेल्या माणसाचं आणि स्वतः राबणाऱ्या माणसाचं उत्पन्न एकाच तागडीत तोलता येत नाही. जमिनीचं म्हणून एक उत्पन्न असतं आणि माणसाच्या हाताचं, डोक्याचं म्हणून एक असतं. कोर्ट म्हणतं, दुसरं तेवढं बुडालं. मान्य. पण त्या दुसऱ्याला 'देखरेख' म्हणायचं आणि महिन्याला आठ-दहा हजार लावून मोकळं व्हायचं, इथं माझं भांडण आहे.

ज्यांनी बाग केलीय त्यांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. भाऊ काय देखरेख करत होता? एप्रिलात खरड छाटणी. काडी कुठली ठेवायची, कुठली काढायची हे प्रत्येक वेलाला वेगळं. सबकेनला पाणी कधी तोडायचं, शेंडा कधी मारायचा. ऑक्टोबरात फळछाटणीची तारीख धरायची तर मागं पाऊस आणि पुढं बाजार, दोन्हीचा अंदाज बांधायचा. चार दिवस इकडचं तिकडं झालं की फुलोऱ्यात पाऊस सापडतो आणि बाग गळते. डाऊनीच्या दिवसात रात्री दोनला उठून पानाला हात लावून दव बघायचा आणि पहाटे ब्लोअर जोडायचा. जीएचं डिपिंग, विरळणी, बायकांची टोळी वेळेवर आणणं, आणि शेवटी व्यापाऱ्याशी घासाघीस. व्यापारी पैसे बुडवून पळाला तर त्याच्या मागं जाणं वेगळंच. हे सगळं करणारा माणूस महिना दहा हजारात कुठं मिळतो ते मला कुणी सांगावं, मी उद्या कामावर ठेवतो.

भाऊ गेल्यावर पहिल्याच वर्षी बागेवर डाऊनी आला. वहिनी करणार काय, पोरगा अकरावीत. दीर म्हणून आम्ही होतो, पण आमच्या बागा त्याच वेळी त्याच अवस्थेत. दुसऱ्या वर्षी वहिनींनी बाग काढली. अँगल, तारा विकल्या. आता सगळ्या पाच एकरांत ऊस आहे आणि तो निम्म्या वाट्यानं दिलाय. जमीन जागेवरच आहे. बाग नाही.

निकालातला हिशेब असा आहे. तुम्हीही कागद घेऊन करून बघा, कारण हा हिशेब आता देशात सगळीकडं एकाच साच्यानं होतो. साचा सरला वर्मा यांच्या २००९ च्या निकालानं घातला आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला प्रणय सेठी यांच्या केसमध्ये पाच न्यायमूर्तींनी पक्का केला. भावाचं महिन्याचं उत्पन्न कोर्टानं धरलं १० हजार. स्वतःचा धंदा असलेल्या ४० ते ५० वयाच्या माणसाला पुढच्या वाढीपोटी २५ टक्के मिळवतात, म्हणजे झाले साडेबारा हजार. (चाळिशीच्या आत असला तर ४० टक्के, पन्नाशी ओलांडली की ६० पर्यंत १० टक्के.) घरात अवलंबून चार माणसं, म्हणून चौथा हिस्सा त्याचा स्वतःचा खर्च धरून वजा. राहिले ९,३७५. वर्षाचे १ लाख १२ हजार ५००. ४१ ते ४५ वयाला गुणक १४. झाले १५ लाख ७५ हजार. त्यावर अंत्यविधी, वारसा वगैरेचे ठरलेले थोडे पैसे.

यात वय बदलता येत नाही, माणसं बदलता येत नाहीत, गुणक बदलता येत नाही. एकच आकडा वरखाली होऊ शकतो, तो महिन्याच्या उत्पन्नाचा. तिथं एक हजाराचा फरक पडला की शेवटी १ लाख ५७ हजार ५०० चा फरक पडतो. भावाचं उत्पन्न २० हजार धरलं असतं तर रक्कम झाली असती साडेएकतीस लाख. आणि हा आकडा ठरवायला कोर्टापुढं काय होतं? सातबारा, आठ-अ, आणि माझं 'होय'.

इथं चूक आमची आहे, हे कबूल करायला मला लाज नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून आम्ही कधी रिटर्न भरलं नाही. द्राक्षाची पट्टी व्यापाऱ्यानं चिठ्ठीवर दिली, ती खिशात धुतली गेली. औषधाच्या दुकानात उधारी, बिल कधी मागितलं नाही. कारखान्याची ऊसबिलं तेवढी बँकेत होती, ती भावाच्या आईच्या नावावर, कारण सभासदत्व तिचं. पंचवीस-तीस वर्षं रानात राबलेला माणूस, त्यानं किती कमावलं याचा एक कागद घरात निघेना. कोर्ट तरी काय करणार? कागद नसला की ते अंदाजानं धरतं, आणि अंदाज मजुराच्या रोजाच्या आसपास येऊन थांबतो.

म्हणून मी आता घरात एक पत्र्याची पेटी केलीय. बाजार समितीची हिशेबपट्टी, व्यापाऱ्याची पावती, खता-औषधाची बिलं, ठिबकचं बिल, पीककर्जाचा उतारा, सगळं त्यात. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्या हातानं मोबाईलवर करता येते, ती दर हंगामाला करतो. लोक ती फक्त अनुदानासाठी आहे असं समजतात. मी म्हणतो, उद्या मी नसलो तर त्या वर्षी त्या गटात द्राक्ष होतं, पडीक नव्हतं, हे सांगणारा तो एकमेव सरकारी कागद आहे. आणि माणूस गेल्यानंतरच्या दोन वर्षांचे कागदही तितकेच महत्त्वाचे. आधी बागेचे किती आले आणि नंतर वाट्यानं दिलेल्या ऊसाचे किती आले, हे शेजारी शेजारी ठेवलं की त्याच्या 'देखरेखी'ची किंमत आपोआप दिसते. आमच्या केसमध्ये हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आता दुसरी बाजू. ती लिहिल्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल.

ट्रॅक्टर कुणाचा होता? शेजारच्या गावच्या शेतकऱ्याचा. आपल्यातलाच. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला, सीझनला कारखान्याची ऊस वाहतूक करून हप्ते भरणारा. ट्रॅक्टरचा विमा होता, पण शेतीकामासाठीचा. ट्रॉलीचा विमाच नव्हता. कंपनीनं हात वर केले, भाड्याची वाहतूक आणि बिनविम्याची ट्रॉली, आमची जबाबदारी नाही. कोर्टानं निकाल दिला की कंपनीनं आधी वहिनींना पैसे द्यावेत आणि मग ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत.

ह्याचाही पाया जुना आहे. २००७ चा ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिजमोहन हा निकाल असाच. वीटभट्टीसाठी माती वाहणारी ट्रॅक्टर-ट्रॉली, त्यात जखमी झालेला मजूर, विमा फक्त शेतीकामाचा आणि ट्रॉलीचा नाहीच. सुप्रीम कोर्ट म्हणालं, कायद्यानं कंपनी जबाबदार नाही. पण समोर गरीब मजूर बघून आपला विशेष अधिकार वापरला आणि कंपनीला सांगितलं, आधी तू दे, मग मालकाकडून घे. जखमीला न्याय मिळाला. पण 'मालकाकडून घे' याचा अर्थ आपल्या भाषेत काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणं अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे कलेक्टर, तहसीलदार, आणि सातबारावर बोजा.

तो ट्रॅक्टरमालक मला बाजारात भेटला होता. तोंड चुकवून जाणार होता, मीच हाक मारली. चहा घेतला. म्हणाला, "आबा, पाच-सहा हजार वाचवायला गेलो आन् रान घालवून बसलो." मी काय बोलणार? माझा भाऊ त्याच्या ट्रॉलीखाली गेला, आणि तरी मला त्याची कणव आली. एका अपघातात दोन शेतकरी घरं बसली.

त्यामुळं ज्यांचे ट्रॅक्टर आहेत त्यांना हात जोडून सांगतो. पॉलिसी काढा पेटीतनं आणि आज वाचा. ट्रॅक्टर 'शेतीसाठी' आहे की भाड्याच्या कामासाठी? ट्रॉलीची नोंदणी आहे का, तिचा नंबर पॉलिसीत आहे का? मजूर बसवत असाल तर त्यांच्यासाठी जादा हप्ता भरलाय का? मडगार्डवर माणूस बसवता तो कुठल्याच हिशेबात नसतो, ट्रॅक्टरला सीट एकच असते, ड्रायव्हरची. आणि ऊस वाहतुकीची जुगलबंदी घेऊन रात्री रस्त्यावर उभं राहायची वेळ आली तर मागं पन्नास पावलांवर काहीतरी ठेवा. रिफ्लेक्टरची पट्टी चहा-वड्याच्या पैशात येते.

भाजी घेऊन टेम्पोतनं कराडला किंवा सांगलीला जाणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावं. मालाचा मालक गाडीत असला तर त्याला विम्याचं संरक्षण आहे, १९९४ च्या दुरुस्तीनं ते आलं. पण मालक केबिनमध्ये बसलेला हवा, असं सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. आपण पोत्यांवर आडवे होऊन झोपत जातो. तसं जाणाऱ्याच्या घरच्यांना कंपनी सरळ नकार देऊ शकते.

सगळे निकाल शेतकऱ्याच्या विरोधात जातात असं मात्र नाही. ट्रॅक्टर चालवायचं लायसन्स आहे पण मागं ट्रॉली जोडली म्हणून ते रद्दबातल होतं, असं कंपन्या म्हणायच्या. ते २००१ मध्ये नागशेट्टी यांच्या केसमध्ये कोर्टानं फेटाळलं. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते की नाही हा घोळ कितीतरी वर्षं चालला, तो ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी मिटवला. चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. गुरशिंदर सिंग नावाच्या माणसाचा ट्रॅक्टर २०१० मध्ये चोरीला गेला, पोलिसांत त्याच दिवशी फिर्याद दिली, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं. एवढ्यावर क्लेम नाकारला होता. २०२० मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, फिर्याद वेळेवर आहे ना, मग कळवायला उशीर झाला म्हणून नाकारता येणार नाही. दहा वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी.

जखमी झालेल्यांसाठी सगळ्यात कामाचा निकाल मला राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०१० चा, वाटतो. डॉक्टर सर्टिफिकेटवर टक्के लिहितो, पण ते टक्के म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे, हे कोर्टानं उदाहरण देऊन सांगितलंय. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी कदाचित तशीच चालू राहील, पण ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदा जवळजवळ शंभर टक्के बुडाला. आता शेतकऱ्याचं बघा. गुडघा वाकत नाही, पायाला तीस टक्के अपंगत्व. कागदावर माणूस चालतोय, फिरतोय. पण त्याला भांगलायला उकिडवं बसता येत नाही, ट्रॅक्टरवर चढता येत नाही, चिखलात पाणी पाजता येत नाही, धार काढायला बसता येत नाही. हे कोर्टाला सांगायचं कुणी? वकिलाला शेती माहीत नसते, डॉक्टर हाडाचं बोलतो. आपणच साक्षीत एक एक काम नाव घेऊन सांगायला पाहिजे. इथं कृषी खात्यातल्या, कृषी विद्यापीठातल्या लोकांनी मनावर घेतलं तर फार मोठं काम होईल. एकरी द्राक्षाला, हळदीला, आल्याला मालकाचे स्वतःचे किती दिवस जातात, त्यात कुशल काम किती, याचा तालुकावार साधा तक्ता तुम्ही करून द्या. उत्पादन खर्च काढताना घरच्या मजुरीचा हिशेब तुम्ही करताच की. तो कोर्टात पुरावा म्हणून जाऊ द्या.

आणि आता वहिनींचं. निकाल वाचून झाल्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "भावजी, त्यांच्या जागी मी गेले असते तर किती धरलं असतं?"

मला उत्तर येईना. सातबारावर तेव्हा त्यांचं नाव नव्हतं. विरळणीला, डिपिंगला त्या रोज बागेत असायच्या, शिवाय दोन म्हशी आणि घर. नंतर शोधलं तेव्हा ५ जानेवारी २०२१ चा कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स हा निकाल सापडला. घरकाम करणाऱ्या बाईच्या कामालाही किंमत धरलीच पाहिजे आणि तिलाही पुढच्या वाढीचे टक्के दिले पाहिजेत, असं त्यात आहे. न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्या पाहणीचा आकडा दिलाय, बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७ मिनिटं. आणि खेड्यातली बाई शेतात आणि गोठ्यातही राबते, हेही त्यांनी लिहिलंय. मी हे वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दोनशे नव्याण्णवच? मोजणारा सकाळी उशिरा उठला असंल."

शासनाच्या मदतीबद्दल दोन ओळी. गोपीनाथ मुंडे अपघात योजना आधी विमा कंपनीमार्फत होती, एप्रिल २०२३ पासून कंपनी बाजूला काढून सानुग्रह अनुदान केलं. हे चांगलं झालं, कारण कंपन्या कागदासाठी फार फिरवायच्या. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं, निर्णय तहसीलदारांच्या समितीचा. वय १० ते ७५, आणि सातबारावर नाव नसलेला घरातला एक जण धरला जातो. पण मृत्यूला २ लाख आणि एक हात किंवा पाय गेला तर १ लाख, हा आकडा २०१५ ला होता तोच आजही आहे. तेव्हाचा डीएपीचा भाव आणि आजचा, तेव्हाची मजुरी आणि आजची, हे तुम्हीच आठवा. मोटार अपघाताचा दावा मात्र वेगळा, आणि १ एप्रिल २०२२ पासून तो सहा महिन्यांत दाखल करायचा असा नियम आलाय. दिवसकार्य झालं की लगेच कागदाला लागा, वर्षश्राद्धाची वाट बघू नका.

वहिनींनी वाढीव रकमेसाठी अपील केलंय. लोकअदालतीत कंपनीनं तडजोडीला बोलावलं होतं, त्यांनी नकार दिला. बरोबर केलं का चूक, मला सांगता येत नाही, पोराच्या शिक्षणाला पैसे तेव्हा लागत होते. अपील आधी मुंबईला होतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा-सांगलीची कामं तिकडं आली, त्यामुळं निदान रात्रीची गाडी पकडायचा त्रास वाचला. सकाळी जाऊन संध्याकाळी धारेला परत येता येतं.

ट्रॉलीवाल्यानंही आपल्यापुरतं वेगळं अपील केलंय. दोन्ही कामं एकत्र निघणार आहेत म्हणे. मागच्या तारखेला आम्ही तिघं एकाच एसटीनं गेलो. वहिनी खिडकीला, मधे मी, आणि तो पुढच्या बाकावर पाठमोरा. कराडला उतरून त्यानं तीन पाण्याच्या बाटल्या आणल्या. वहिनींनी घेतली.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तोवर फळछाटणी उरकायची, पेस्टिंगचं लिहीन नंतर.